कोर्स विकणारा कोट्यधीश महापौरपदाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला कसा? (साओ पाउलो, २०२४)

शंकासुर

मंडळी, एक जुना व्हिडिओ परवा पुन्हा फिरत फिरत माझ्याकडे आला. टीव्हीवर उमेदवारांची वादसभा चालली आहे. एक गृहस्थ उठतात, लोखंडी पायांची खुर्ची उचलतात आणि दुसऱ्या उमेदवाराच्या अंगावर घालतात. आधी वाटलं, विनोदी कार्यक्रमातला तुकडा असेल. शोधलं तर प्रकरण खरं निघालं. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या महापौरपदाची निवडणूक, तारीख १५ सप्टेंबर २०२४. मारणारा दातेना, तिकडचा जुना टीव्ही निवेदक. मार खाणारा पाब्लो मार्साल.

मग वाचतच सुटलो. हा मार्साल लोकांना 'मोठं कसं व्हायचं' याचे कोर्स विकून स्वतः गडगंज झालेला. इन्स्टाग्रामवर कोटीच्या वर फॉलोअर. याआधी कुठल्याही पदावर नाही, पक्ष तर कुणाच्या खिजगणतीत नसलेला. वर बँक खात्यांच्या फसवणुकीच्या जुन्या प्रकरणात शिक्षा सुनावली गेलेली. आणि एवढं असून पहिल्या फेरीत २८.१४ टक्के मतं! सतरा लाखांवर माणसं.

मला एवढंच समजून घ्यायचंय की ही सतरा लाख मतं आली कुठून. फॉलोअर होते म्हणून? पैसा ओतला म्हणून? तिथे राहणारं कुणी असेल तर सविस्तर लिहा. 'लोक मूर्ख असतात' हे उत्तर मला पाठ आहे, ते कृपया नको.

तिरकस

बरोबर उत्तर आधीच बाद केलंत, आता आम्ही काय लिहिणार?

हाच इसम जानेवारी २०२२ मध्ये आपल्या चेल्यांना घेऊन भर पावसावाऱ्यात पिको दोस मारिन्स नावाच्या डोंगरावर चढला होता. मनोबल वाढवायला. शेवटी अग्निशमन दलाच्या जवानांनी ३२ जणांना खाली आणलं. बत्तीस माणसं धड खाली उतरवता येईनात, तो म्हणे शहर चालवणार.

साओपाउलोकर

शंकासुरभाऊ, मी नोकरीनिमित्त इथे बरीच वर्षं राहते. परदेशी असल्यामुळे मला मत नाही, पण ती निवडणूक चुकवायची म्हटली तरी चुकवता येत नव्हती. ऑगस्ट ते ऑक्टोबर दुसरा विषयच नव्हता, लिफ्टमध्येसुद्धा.

फॉलोअरचा आकडा आधी बाजूला ठेवा, त्याने दिशाभूल होते. मार्साल मूळचा दुसऱ्या राज्यातला, गोइयासमधल्या गोइयानिया शहराचा. त्याचे चाहते देशभर विखुरलेले. गोइयासमधला किंवा रेसिफेमधला फॉलोअर साओ पाउलोत मत देऊ शकत नाही. शहराचे मतदार सुमारे ९३ लाख.

आमच्या इमारतीचे सकाळपाळीचे दरवान साठीच्या घरातले आहेत. शहराच्या पार पूर्वेकडच्या टोकाला राहतात, पहाटे बस आणि मग मेट्रो करून येतात. (इथल्या इमारतींत दरवान म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांचं कुलमुखत्यारपत्र घेऊन बसलेला माणूस. कुणाचं पार्सल, कुणाची सासू, सगळं त्यांना माहीत.) त्यांच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला मोबाइल असतो. ऑगस्टच्या मध्यापासून मी खाली उतरले की त्या मोबाइलवर मार्साल. मी विचारलं, तुम्ही याला फॉलो करता का? तर नाही! त्यांनी मला यादी काढून दाखवली: फुटबॉल, चर्चचा पाद्री, मटण भाजण्याच्या रेसिपी, गाड्यांचे अपघात. मार्साल त्यात नव्हताच. तरी दिवसाला दहा-वीस क्लिप त्याच्याच, आणि दर वेळी वेगळ्याच कुठल्यातरी खात्यावरून.

खरी मेख तिथे होती. मार्सालच्या लोकांनी क्लिप कापण्याच्या स्पर्धा चालवल्या होत्या. त्याच्या भाषणातले, मुलाखतीतले तुकडे कापायचे, आपापल्या खात्यावर टाकायचे, ज्याला जास्त व्ह्यूज त्याला रोख बक्षीस. डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर हे सगळं उघड चालायचं. म्हणजे त्याच्या नावाचं खातं बंद करून उपयोग शून्य, कारण माल भलतीकडूनच येत होता. ऑगस्टच्या शेवटी ताबाता अमाराल या उमेदवाराच्या पक्षाच्या तक्रारीवरून निवडणूक न्यायालयाने त्याची खाती तात्पुरती बंद केली. त्याने लगेच दुसरं खातं उघडलं, तेही बघता बघता लाखोंच्या घरात गेलं. बंदी ही त्याला जाहिरातच झाली.

आता गंमत बघा. इथे प्रचाराच्या काळात टीव्ही-रेडिओवर पक्षांना फुकट वेळ मिळतो, संसदेतल्या बळानुसार. मार्सालच्या पक्षाला, पीआरटीबीला, एक सेकंदही मिळाला नाही. विद्यमान महापौर रिकार्दो नुनेस यांच्या भल्यामोठ्या आघाडीकडे निम्म्याहून जास्त वेळ होता, आणि लोक तो वेळ चहा टाकायला वापरत होते. मार्सालने काय केलं? सर्वेक्षणांत वर होता म्हणून वाहिन्यांनी त्याला वादसभेला बोलावलं, आणि वादसभा हाच त्याने आपला स्टुडिओ केला. समोरच्याला उत्तर द्यायला तो तिथे जातच नव्हता. प्रत्येकाचं एक टोपणनाव ठेवायचं, चिडवायचं, समोरचा उसळला की झाली क्लिप तयार. कॅमेरे वाहिनीचे, दिवे वाहिनीचे, खर्च वाहिनीचा.

गिल्येर्मे बोउलोस हे राष्ट्राध्यक्ष लुलांच्या पाठिंब्याचे डावे उमेदवार, बेघरांच्या चळवळीतून आलेले. एका वादसभेत मार्सालने खिशातून निळं पुस्तक काढलं आणि भूत उतरवायला क्रूस धरावा तसं त्यांच्या तोंडासमोर नाचवलं. ते पुस्तक म्हणजे इथलं कामगार पुस्तक. रीतसर नोकरी असली की मालक त्यात नोंद करायचा (२०१९ पासून ही नोंद डिजिटल झाली), त्यावर पेन्शन, बोनस, सगळं. 'तू कधी काम केलंयस का' एवढाच अर्थ. बोउलोस शिक्षक आहेत, पण रागावून त्यांनी ते पुस्तक हाताने उडवायचा प्रयत्न केला. काम फत्ते!

दरवानकाका ही क्लिप पाहून मनमुराद हसले. पण त्यांचं स्वतःचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेलं आहे, आणि त्यांनी मत बोउलोसला दिलं. मार्सालला मत दिलं त्यांच्या मुलाने. मुलगा मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो, ॲपवर. त्याच्याकडे ते पुस्तक नाहीच. 'आम्ही कामगारांचे हक्क राखू' असं कुणी म्हटलं की त्याला ते वडिलांच्या पिढीचं गाऱ्हाणं वाटतं. मार्साल त्याला म्हणत होता, तू कामगार नाहीस, तू उद्योजक आहेस. खोटं आहे हो! बारा तास गाडी चालवून पेट्रोल स्वतःचं घालणारा कसला उद्योजक? पण त्या मुलाकडे बघून असं बोलणारा दुसरा उमेदवार त्या निवडणुकीत नव्हता. नुनेस पूल आणि डांबर सांगत होते, बोउलोस हक्क सांगत होते. सतरा लाखांतली निदान बरीच मतं या मुलासारख्यांची आहेत असं माझं मत. मूर्ख म्हणून सोडून द्यावं असा तो मुलगा नाही. मार्सालच्या किलोमीटरभर उंच इमारतीच्या आश्वासनावर तोही हसायचा.

खुर्चीचं म्हणाल तर मार्सालने दातेनावरच्या लैंगिक छळाच्या जुन्या आरोपाचा विषय काढला आणि नंतर त्यांच्या मर्दानगीला डिवचलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा तोल गेला. मार्साल रुग्णवाहिकेतून इस्पितळात गेला आणि स्वतःवरच्या या हल्ल्याची तुलना माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंवरच्या चाकूहल्ल्याशी आणि ट्रम्पवरच्या गोळीबाराशी करणारा व्हिडिओ आला. दोन दिवसांनी पुढची वादसभा होती. तिथे खुर्च्या जमिनीला स्क्रूने ठोकल्या होत्या.

पण इथे पहिल्यांदा मला त्याच्या बाजूच्या लोकांत चुळबूळ दिसली. आमच्या ऑफिसातला एकजण निळी 'एम' लिहिलेली टोपी घालून यायचा, तो म्हणाला, खुर्ची लागली हे खरं, पण रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचा मास्क लावून चित्रीकरण कशाला? टोपी पुढच्या आठवड्यात दिसली नाही.

कारभारी

ताई, छान लिहिलंत. पण एक मुद्दा सुटला. स्वतःकडे एवढा पैसा असलेला माणूस महापालिकेत खायला कशाला येईल? कसलेल्या राजकारण्यांपेक्षा हा बरा, असंही लोकांना वाटलं असेल की. त्यात चूक काय?

साओपाउलोकर

कारभारी, हे वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलंय की पोर्तुगीजमध्ये झोपेतही म्हणू शकेन. हो, वाटलं लोकांना. त्याने जाहीर केलेली मालमत्ता पंधरा कोटी रेआलच्या (रेआल म्हणजे इथलं चलन) वर होती, बाकीचे त्याच्या आसपासही नव्हते, आणि ती तो लपवत नव्हता, मिरवत होता. त्याच्या दुकानात विकायला ठेवलेला माल तोच तर आहे.

पण दोन गोष्टी त्याच पारड्यात टाका. तरुणपणी गोइयासमध्ये इंटरनेटवरून बँक खाती साफ करणाऱ्या टोळीच्या प्रकरणात तो सापडला होता. २०१० मध्ये त्याला ४ वर्षं ५ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली, पुढे मुदत उलटल्यामुळे ती बाद झाली. आपल्याला काही ठाऊक नव्हतं असं त्याचं म्हणणं.

दुसरी गोष्ट याच निवडणुकीतली. नगरसेवकपदाच्या उमेदवारांना त्याने व्हिडिओतून जाहीर देकार दिला: तुमच्यासाठी पाठिंब्याचा व्हिडिओ करून देतो, माझ्या प्रचाराला पाच हजार रेआल पिक्सने पाठवा. पिक्स म्हणजे इथलं यूपीआय. म्हणजे एवढा श्रीमंत माणूस पाच-पाच हजारांना शब्द विकत होता! खायची गरज नसणं वेगळं आणि सवय नसणं वेगळं.

वकीलीणबाई

प्रश्न कायद्याचा. तिकडे उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा नाही का? कोट्यधीशाने स्वतःच्या खिशातून हवा तेवढा खर्च केला तर चालतं?

साओपाउलोकर

नाही चालत, आणि म्हणूनच क्लिपच्या स्पर्धेला एवढं महत्त्व. पदाला खर्चाची जी कमाल मर्यादा ठरलेली असते तिच्या १० टक्क्यांपर्यंतच उमेदवार स्वतःचा पैसा लावू शकतो. २०१५ पासून कंपन्यांच्या देणग्या बंद आहेत. व्यक्तीला देणगी द्यायची तर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत. इंटरनेटवर पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलता येते, पण ती उमेदवाराने किंवा पक्षाने रीतसर, हिशेबात दाखवून. लोकांना पैसे देऊन त्यांच्या खात्यावरून प्रचार करून घेणं याला मनाई.

तेव्हा भांडण असं होतं की बक्षिसाचा पैसा प्रचाराचा धरायचा की त्याच्या धंद्याचा? स्पर्धा तर तो निवडणुकीआधीपासून चालवत होता, कोर्स खपवायला. बाजारातली यंत्रणा तीच, फक्त माल बदलला. पैशाचा आणि माध्यमांचा गैरवापर म्हणून खटले झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या पाच हजारांच्या प्रकरणात खालच्या निवडणूक न्यायाधीशांनी त्याला आठ वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं, त्यावर अपील झालं. आणखीही खटले आहेत. पण हे सगळं मतदान होऊन गेल्यावर. ज्या मुलाने क्लिप पाहून मत दिलं त्याला या निकालांची क्लिप कुणी कापून पाठवली नाही.

नकाशेबाज

सायप्रसचं उदाहरण आठवलं. फिदियास पानायोतू, वय २४, यूट्यूबर. शवपेटीत दिवस काढणं, इलॉन मस्कला मिठी मारायचा पण करणं, असले उद्योग. राजकारणातलं मला काही कळत नाही असं स्वतःच सांगायचा. जून २०२४ मध्ये अपक्ष उभा राहिला आणि १९.४ टक्के मतं घेऊन युरोपीय संसदेत गेला. तोच प्रकार नाही का?

साओपाउलोकर

अर्धा. सायप्रसच्या वाट्याला युरोपीय संसदेच्या सहाच जागा आणि अख्खं बेट हा एकच मतदारसंघ. तिथे १९ टक्के मिळाले की जागा मिळाली. महापौरपदाला दुसऱ्या फेरीत जायचं तर पहिल्या दोघांत यावं लागतं. शिवाय युरोपीय संसदेत एक सभासद गंमत म्हणून पाठवायला लोकांचं काही जात नाही. साओ पाउलोच्या महापालिकेचं अंदाजपत्रक शंभर अब्ज रेआलच्या वर आहे, बस वेळेवर येते की नाही हे त्या खुर्चीवर ठरतं. (खुर्ची हा शब्द आता इथे कुणी सरळपणे वापरत नाही.)

आणि फिदियासने कुणाच्या नावावर बनावट कागद फिरवला नाही. मार्साल पडला तो त्याच पायी, असं मला वाटतं. मतदान रविवारी ६ ऑक्टोबरला. शुक्रवारी रात्री त्याने एक वैद्यकीय अहवाल टाकला: बोउलोस कोकेनच्या नशेत दवाखान्यात आले होते म्हणे. शनिवारी सकाळपर्यंत पितळ उघडं पडलं. ज्या डॉक्टरची सही होती ते २०२२ मध्येच वारले होते, आणि ही आमच्या वडिलांची सही नाही असं त्यांच्या मुलीने सांगितलं. दवाखान्याचा मालक मार्सालच्या ओळखीचा निघाला. न्यायालयाने खातं पुन्हा बंद केलं. रविवारी निकाल आला: नुनेस २९.४८, बोउलोस २९.०७, मार्साल २८.१४. दुसऱ्या फेरीला जायला त्याला जेमतेम ५७ हजार मतं कमी पडली. एक टक्कासुद्धा नाही म्हणजे काय असतं ते एरवी कळत नाही. त्या रात्री आमच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी भांडी बडवत होतं, खुशीने की रागाने ते कळलं नाही.

एका क्लिपने सगळं जिंकता येतं हे दोन महिने अनुभवलेल्या माणसाला शेवटच्या शुक्रवारी गप्प बसवलं नाही. गप्प बसला असता तर बहुधा दुसऱ्या फेरीत असता.

शंकासुर

ताई, हे सगळं वाचून आणखी एकच विचारतो. ती सतरा लाख मतं दुसऱ्या फेरीत कुणाकडे गेली? आणि तुमच्या दरवानकाकांच्या मुलाचं काय?

साओपाउलोकर

बहुतेक नुनेस यांच्याकडे. २७ ऑक्टोबरला ते ५९.३५ टक्क्यांनी निवडून आले. पण त्याआधीचा एक प्रसंग तुम्हाला कुठे वाचायला मिळाला नसेल. मतदानाच्या दोन दिवस आधी मार्सालने दोन्ही उमेदवारांना आपल्या थेट प्रक्षेपणात बोलावलं, नोकरीची मुलाखत म्हणून. नुनेस गेले नाहीत. बोउलोस गेले. ज्याने तीन आठवड्यांपूर्वी त्यांना कोकेनबाज ठरवणारा कागद फिरवला त्याच्यासमोर ते बसले आणि त्याच्या मतदारांना उद्देशून शांतपणे बोलले, कारण ती मतं दुसरीकडे कुठे भेटणार? त्यांच्या पक्षातल्या अनेकांना ते रुचलं नाही. मला मात्र त्या निवडणुकीत पाहिलेली सगळ्यात शहाणी गोष्ट ती वाटली, जरी ती कामी आली नाही.

मुलाचं सांगायचं तर तो मतदानालाच गेला नाही. इथे १८ ते ७० वयाच्या लोकांना मतदान सक्तीचं आहे, तरी त्या फेरीत ३१ टक्क्यांहून जास्त लोक घरी बसले. दंड असतो ३ रेआल ५१ सेंताव्होस. दरवानकाका त्याच्यावर चिडले होते, दंडापेक्षा 'मत फुकट घालवलं' म्हणून. तो म्हणाला, रविवारी संध्याकाळी ऑर्डरी जास्त असतात.

तिरकस

३ रेआल ५१? यापेक्षा डोंगर महाग पडला असेल.